बारा शब्दांच्या भरवशावर

डिजिटल चलनाचे खाते उघडणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी एक ताकीद मिळते. फोनच्या पडद्यावर बारा, काही ठिकाणी चोवीस, इंग्रजी शब्द उमटतात. ते क्रमाने कागदावर उतरवून घ्यावेत, कोणालाही दाखवू नयेत, कोठेही पाठवू नयेत. हरवले तर ते पुन्हा मिळणार नाहीत आणि कंपनीलाही त्यात काही करता येणार नाही, असे त्याला बजावले जाते. खाली एक चौकोन असतो. त्यात खूण केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. या शब्दमालिकेला रिकव्हरी फ्रेज असे म्हणतात. फोन फुटला, हरवला, चोरीला गेला, तरी हे शब्द हाती असतील तर खाते दुसऱ्या फोनवर जसेच्या तसे उभे करता येते. फोन आणि शब्द दोन्ही गेले, की खाते गेले.

वरवर पाहता ही एक तांत्रिक सूचना आहे. वस्तुतः तो एक करार आहे आणि त्याचे कलम एकच आहे: यापुढे जे काही चुकेल त्याची सारी जबाबदारी ग्राहकाची. विस्मरण, आग, पूर, चोरी, आजारपण, मृत्यू यांपैकी कशाचीही सबब तेथे चालत नाही. या कराराला त्याच्या पुरस्कर्त्यांनी मोठे आकर्षक नाव दिले आहे: ‘स्वतःची बँक स्वतः व्हा.’ स्वातंत्र्याची ही घोषणा आता तालुक्याच्या गावांतील तरुणांपर्यंतही पोचली आहे. म्हणून या बारा शब्दांची राखण कशी करावी हे जसे समजून घेतले पाहिजे, तसेच ती राखण एकट्या माणसाच्या गळ्यात का बांधली गेली, हेही विचारले पाहिजे. पहिल्या प्रश्नाची उत्तरे पुष्कळजण देतात. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

कागदावरची किल्ली

या शब्दांचे स्वरूप आधी नीट ध्यानात घेतले पाहिजे. चलन फोनमध्ये नसते. ते कोणाच्या नावे आहे याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर असलेल्या एका सामाईक खतावणीत असते. त्या नोंदीतील रक्कम हलविण्याचा अधिकार एका गुप्त संख्येकडे असतो. ही संख्या इतकी मोठी असते की ती माणसाला लिहिता-वाचताना चुकण्याचीच शक्यता अधिक. म्हणून २०१३ साली एक पद्धत ठरविण्यात आली. २०४८ शब्दांची एक ठरावीक यादी करावयाची आणि त्या अगडबंब संख्येचे रूपांतर यादीतील बारा किंवा चोवीस शब्दांत करावयाचे. बारा शब्दांची जी मालिका या पद्धतीत ग्राह्य ठरते, तशा मालिकांची एकूण संख्या एकावर अडतीस शून्ये मांडून येणाऱ्या संख्येच्या तिपटीहून अधिक आहे. जगातील सर्व संगणक अंदाज बांधीत बसले तरी त्यांना नेमकी मालिका सापडावयाची नाही. गणिताच्या बाजूने ही तिजोरी अभेद्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु गणित जेथे संपते तेथे माणूस सुरू होतो. हे शब्द म्हणजे पासवर्ड नव्हेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो; हे शब्द बदलता येत नाहीत. ते दुसऱ्याच्या नजरेस पडले तर नवे खाते उघडून सारी रक्कम तेथे हलविणे एवढाच मार्ग उरतो, आणि तोही चोराच्या आधी. हे शब्द ज्याच्या हाती तोच मालक. खतावणीला माणसाचा चेहरा कळत नाही, सही कळत नाही, पंचनामा कळत नाही.

आणखी एक गोष्ट. ही शब्दयादी इंग्रजीखेरीज जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज आणि चेक या भाषांत तयार झाली. त्या मूळ पद्धतीच्या याद्यांत मराठी नाही, हिंदी नाही. भारतातील एकही भाषा नाही. म्हणजे नाशिक किंवा लातूरच्या मुलाने आपली पुंजी ज्या बारा शब्दांवर टांगावयाची, ते शब्द त्याच्या आईला वाचताही येतीलच असे नाही. एखादे अक्षर चुकीचे उतरले तर ते तिच्या ध्यानात येणार नाही. ‘सर्वांसाठी खुली’ म्हणून जिचा गौरव होतो त्या व्यवस्थेचा दरवाजा कोणाच्या उंचीचे माप घेऊन बनविला गेला, याचे उत्तर येथेच मिळते.

रोग खरा, औषध खोटे

या विचारसरणीचा जन्म कोणत्या काळात झाला हे विसरून चालणार नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन वित्तसंस्था कोसळली. सट्टा खेळून बुडालेल्या बँकांना सरकारांनी सार्वजनिक पैशाने तारले आणि ज्यांनी कर्जाच्या हप्त्यांपायी घरे गमावली त्यांना वाऱ्यावर सोडले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी २००९ रोजी त्या खतावणीचे जे पहिले पान लिहिले गेले, त्यात बँकांना दिल्या जाणाऱ्या सरकारी मदतीची त्या दिवसाच्या लंडनच्या ‘टाइम्स’मधील बातमीच कोरून ठेवलेली आहे. त्यामागचा संताप खरा होता. तो आजही खरा आहे.

परंतु संतापातून निघणारी प्रत्येक वाट मुक्तीकडे जातेच असे नाही. बँका बेजबाबदार झाल्या, यावर दोन उपाय संभवत होते. बँकांना लोकांपुढे जबाबदार करणे हा एक. बँकच नको, प्रत्येकाने आपले गाठोडे आपल्या उशाशी घेऊन झोपावे, हा दुसरा. पहिला मार्ग लांबचा, संघटनेचा आणि लढ्याचा आहे. दुसरा सोपा वाटतो, कारण त्यात दुसऱ्या कोणाशी बोलावेच लागत नाही. पण मडक्यात पैसे पुरून ठेवणारा शेतकरी काही स्वतंत्र झालेला नव्हता. तो असहाय होता म्हणून पुरीत होता. त्या असहायतेलाच आता स्वातंत्र्य म्हणून विकले जात आहे.

विसरणाऱ्याचे ‘दान’

एकट्याच्या राखणीचा शेवट कसा होतो याची उदाहरणे जगजाहीर आहेत. वेल्समधील न्यूपोर्ट शहरातील जेम्स हॉवेल्स यांच्या संगणकातील एक हार्ड डिस्क २०१३ साली चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८००० बिटकॉइनची किल्ली होती. नगरपालिकेच्या कचरा-डेपोत उत्खनन करण्याची परवानगी मागत त्या गृहस्थाने वर्षानुवर्षे घालविली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टीफन टॉमस यांना २०११ साली बिटकॉइनची माहिती देणारी एक चित्रफीत बनविल्याबद्दल ७००२ बिटकॉइन मिळाले. त्यांची किल्ली ज्या उपकरणात होती, त्याचा पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. ते उपकरण दहा प्रयत्नांनंतर कायमचे बंद होते. आठ प्रयत्न वाया गेल्याची बातमी जानेवारी २०२१ मध्ये जगभर छापून आली. हे दोघेही संगणकाच्या क्षेत्रातील जाणते लोक होते. त्यांची ही गत, तर ज्याने पहिला स्मार्टफोन हप्त्याने घेतला त्याची काय कथा?

आणि ही काही दोन-चार दुर्दैवी माणसांची गोष्ट नव्हे. तोवर निघालेल्या सुमारे १ कोटी ८५ लाख बिटकॉइनपैकी अंदाजे २० टक्के हरवलेल्या किंवा अडकून पडलेल्या खात्यांत असावेत, असा चेनॅलिसिस या कंपनीचा अंदाज त्याच सुमारास प्रसिद्ध झाला. बँकेच्या पाच ठेवींपैकी एक केवळ ठेवीदार विसरले म्हणून नाहीशी झाली असती, तर त्या बँकेला कोणी प्रगत म्हटले असते काय?

या हानीकडे पाहण्याची त्या पंथाची दृष्टी तर अधिकच बोलकी आहे. २०१० साली खुद्द नाकामोतोने असे लिहिले होते की, हरवलेल्या नाण्यांमुळे इतरांच्या नाण्यांची किंमत किंचित वाढते. ते सर्वांना दिलेले दानच समजावे. एकाचा कागद भिजावा आणि त्यातून दुसऱ्याची संपत्ती फुगावी, या घटनेला ‘दान’ म्हणणारे अर्थशास्त्र कोणाच्या बाजूचे आहे, हे निराळे सांगावयास नको. दान देणाऱ्याला आपण दान दिल्याचे ठाऊक असते. येथे देणारा डोके धरून बसलेला असतो.

सुसंस्कृत समाजाची एक खूण अशी की, तेथे माणसाला चुकण्याची आणि विसरण्याची मुभा असते. पासबुक हरवले तर दुसरे मिळते. सही थरथरली तर ओळख पटवून देता येते. दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार-जागृती निधीत जमा होते. पण ठेवीदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क त्यानंतरही शाबूत राहतो. विसरणे हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व समाजाने मोठ्या कष्टाने कायद्यात आणले. बारा शब्दांच्या राज्यात मात्र विसरणे हा एकमेव गुन्हा आहे आणि त्याला शिक्षाही एकच आहे: सर्वस्वहरण.

एका खोलीच्या घरात

‘कागदावर लिहा आणि सुरक्षित जागी ठेवा,’ असा सल्ला दिला जातो. सुरक्षित जागा कोणापाशी असते, हा वर्गाचा प्रश्न आहे. ज्याच्या घरी लोखंडी तिजोरी आहे, बँकेत लॉकर आहे, मृत्युपत्र करणारा वकील आहे, त्याला हा सल्ला पाळणे जड नाही. अशा लोकांसाठी हे शब्द पोलादी पट्टीवर कोरून ठेवण्याची साधनेही बाजारात मिळतात. ती आगीत जळत नाहीत, पाण्यात गळत नाहीत. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, दर पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटाला वाळवी लागते, भाड्याची मुदत संपली की अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलते, तेथे कागदाचा एक चिटोरा दहा-वीस वर्षे जपावयाचा तो कोठे? पत्र्याच्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, की रेशनकार्डाच्या घडीत?

आणि तो जपावयाचा तरी कोणापासून? त्याच घरातील माणसांपासून. गुप्ततेची ही अट कुटुंबात शिरली की तिचे रूप पालटते. घरातील कागदपत्रे ज्या पुरुषाच्या ताब्यात, त्याच्याच ताब्यात बारा शब्द. पत्नीच्या नावावरील पैसाही मग प्रत्यक्षात ज्याने कागद पाहिला त्याचा होतो. कारण खतावणीला नाव ठाऊकच नाही. बँकेच्या खात्यातून नवऱ्याने परस्पर रक्कम उचलली तर तक्रार करता येते, सही पडताळून घेता येते. येथे सही नाही आणि पडताळणारा कोणी नाही.

मृत्यूचा प्रश्न तर त्याहून कठीण. शब्द कोणालाही सांगू नयेत हा नियम पाळणारा माणूस एके दिवशी अपघातात जातो आणि त्याची शिस्तच त्याच्या मुलांना कंगाल करते. नियम मोडून तो कोणाला सांगतो तर हयातीतच लुबाडला जाण्याची भीती. भारतीय बँकांत १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीसाठी चार वारसदारांपर्यंत नामनिर्देशन करता येते. मृत्यू ही घटना तेथे गृहीत धरलेली आहे. बारा शब्दांची रचना करणाऱ्यांनी अब्जावधी वर्षे पुरतील एवढ्या संयोगांचा हिशेब केला. माणूस मरतो एवढा एक हिशेब राहून गेला.

शब्द मागणारे चोर

गणिताची तिजोरी फोडता येत नाही म्हणून चोर माणसालाच फोडतात. ‘आपले खाते बंद होणार आहे, पडताळणीसाठी बारा शब्द भरा,’ असा निरोप येतो. साहाय्य-केंद्राचा अधिकारी म्हणून कोणी गोड बोलतो. खोटे संकेतस्थळ खऱ्यासारखे दिसते. २०२० साली लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांचे पत्ते चोरीस गेले. पुढच्या वर्षी त्यांतील काहींच्या घरी चक्क टपालाने बनावट उपकरणे येऊन पडली. सोबत पत्र होते की, जुने उपकरण आता सुरक्षित नाही, आपले शब्द या नव्यात भरावेत. २०२२ साली लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या पासवर्ड-तिजोऱ्यांच्या कुलूपबंद प्रती चोरीस गेल्या. ज्यांनी मुख्य पासवर्ड कच्चा ठेवला होता आणि बारा शब्दही तेथेच लिहिले होते, ते उघडे पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या संस्थेच्या संशोधकांनी अशी काही अ‍ॅप उजेडात आणली की, जी फोनमधील छायाचित्रे एकेक वाचून त्यांत रिकव्हरी फ्रेज सापडते काय हे पाहत होती. ती गुगल आणि अ‍ॅपल यांच्या अधिकृत दुकानांत ठेवलेली होती. कागदाचा फोटो काढून निश्चिंत होणाऱ्याने कागद चव्हाट्यावर टांगल्यासारखेच झाले.

बँकेच्या व्यवहारातही ठकवणूक होतेच. पोलीस किंवा अंमलबजावणी अधिकारी असल्याची बतावणी करून वृद्धांना घरात डांबून ठेवणारी ‘डिजिटल अटक’ महाराष्ट्राला आता अपरिचित नाही. पण फरक आहे तो तक्रारीनंतर. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, बँक आणि ग्राहक दोघांचाही दोष नसताना तिऱ्हाइताने रक्कम लांबविली आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर ग्राहकावर तोशीस नाही. इतकेच नव्हे, ग्राहकाच्या हयगयीमुळे रक्कम गेली असली तरी त्याने कळविल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. चूक करणाऱ्यालाही कायदा एका मर्यादेपलीकडे बुडू देत नाही, याचा हा नमुना. ती अंमलबजावणी अपुरी असेल, बँका टाळाटाळ करीत असतील. पण ज्याच्या आधारे भांडावे असा कागद तरी हाती आहे. बारा शब्द चोरास सांगून बसलेल्याच्या हाती काय आहे? १९३० या क्रमांकावर त्याने जरूर तक्रार नोंदवावी. परंतु गेलेला व्यवहार उलटविण्याची कळ त्या खतावणीला ठेवलेलीच नाही.

दुकानदार म्हणजे बँक नव्हे

यावर असे सुचविले जाते की, शब्द सांभाळणे जमत नसेल तर चलन एक्स्चेंजकडे ठेवावे. या दुकानांचा इतिहास काय सांगतो? टोकियोचे माउंट गॉक्स २०१४ मध्ये बुडाले. कॅनडातील क्वाड्रिगा या एक्स्चेंजचा संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूर येथे मरण पावला आणि साऱ्या किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्या, असे शहात्तर हजारांवर ग्राहकांना सांगण्यात आले. पुढे २०२० साली ओंटारिओच्या रोखे आयोगाने केलेल्या चौकशीत निष्पन्न झाले की, त्या गृहस्थाने ग्राहकांचे पैसे आधीच सट्ट्यात उडविले होते. एफटीएक्स नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळले. भारतातील वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ रोजी दरोडा पडला. सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन गेले, ग्राहकांना पैसे काढणे बंद झाले आणि भारतीय ग्राहकांच्या भवितव्याचे प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात चालले.

म्हणजे सामान्य माणसापुढे ठेवलेली निवड अशी: एकट्याने राखा आणि चुकलात तर बुडा, किंवा दुकानदाराला द्या आणि तो चुकला तर बुडा. ही निवड नव्हे, हा पेच आहे.

भारत सरकारची भूमिकाही येथे तपासली पाहिजे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने या चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर बसविला, तोटा वळता करण्याची सवलत नाकारली आणि व्यवहारांवर एक टक्का कर मुळातच कापून घेण्याची तरतूद केली. मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याच्या कक्षेत आणले. कर आणि पाळत यांपुरते सरकार हजर आहे. ठेवीदाराला बँकेत मिळते तसे विमासंरक्षण देण्याची वेळ आली की ते गैरहजर. ज्या व्यवहारातून राज्य आपला वाटा उचलते, त्या व्यवहारात नागरिकाच्या हानीबद्दल हात झटकण्याचा नैतिक अधिकार त्याला उरत नाही.

ठोठावण्यासाठी एक दार

या टीकेवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो पोकळ नाही. ‘बँकांचे गोडवे गाता, मग पीएमसी बँकेचे काय?’ सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. ठेवीदारांना आरंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. मुंबईच्या रस्त्यांवर वृद्ध माणसे रडताना साऱ्या देशाने पाहिली. २०१६ च्या नोटाबंदीत स्वतःच्याच पैशासाठी रांगेत उभा राहिलेला मजूर बँकेवर का विश्वास ठेवील? शब्द स्वतःपाशी असले तर निदान कोणी सरकार किंवा बँक खाते गोठवू तर शकत नाही, या म्हणण्यात तथ्य आहे. छळणाऱ्या राजवटींपासून पळणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होऊ शकतो, हेही नाकारण्याचे कारण नाही.

परंतु पीएमसीची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली पाहिजे. ठेवीदार संघटित झाले. त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या दारात निदर्शने केली, न्यायालये गाठली. ठेवींवरील विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाखावर थिजली होती. ती ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळावी अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना दहा दहा वर्षे थांबावे लागणार हा अन्याय आहेच. तरीही तेथे ठोठावण्यासाठी एक दार होते, आणि पुष्कळांनी मिळून ठोठावले म्हणून ते काही अंशी उघडले. ठेवविमाही काही आकाशातून पडला नव्हता. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाली, ठेवीदार देशोधडीला लागले, म्हणून १९६१ चा कायदा आला. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेही बँका मूठभरांच्या राहू नयेत या मागणीच्या रेट्यामुळे. प्रत्येक संरक्षण हे कोणाच्या तरी बुडण्यातून आणि त्यानंतरच्या लढ्यातून जन्मास आले. बारा शब्द हरवलेल्यांची संघटना होऊ शकत नाही. कारण मोर्चा न्यावयाचा कोणावर? ज्या व्यवस्थेत जबाबदार कोणीच नसतो, तीत अन्यायाला पत्ताही नसतो.

पाचांतील तिघे

याहून गमतीची गोष्ट ही की, ज्या गणिताच्या नावाने एकटेपणाचा पुरस्कार होतो तेच गणित सहकाराच्या बाजूने साक्ष देते. १९७९ साली अदी शामीर या गणितज्ञाने एक रीत दाखवून दिली. एखादे गुपित पाच जणांत अशा तऱ्हेने वाटता येते की, कोणतेही तिघे एकत्र आले तर ते पुरे उलगडावे, पण दोघांना मिळून त्यातील काडीचाही सुगावा लागू नये. एक जण मेला, एक फितूर झाला, तरी ठेव शाबूत. सरकारी कोषागारात दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनी उघडणारे कुलूप, सहकारी सोसायटीच्या धनादेशावर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या, यांमागे हेच शहाणपण होते: विश्वास एकावर टाकू नये आणि अविश्वासाने कोणाला एकटेही पाडू नये.

बाजारालाही हे कळून चुकले आहे. मे २०२३ मध्ये त्याच लेजर कंपनीने ग्राहकाचे शब्द तीन तुकड्यांत विभागून तीन कंपन्यांकडे ठेवण्याची सेवा जाहीर केली. मासिक शुल्क ९.९९ डॉलर. कोणावरही विश्वास ठेवू नका, असे सांगत ज्यांनी उपकरणे विकली, त्यांनीच मग विश्वास भाड्याने देण्याचे दुकान मांडले! ग्राहक संतापले ते स्वाभाविकच होते. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. एकट्याची राखण टिकत नाही, हे विकणाऱ्यांनीच कबूल केले. आता प्रश्न एवढाच की, सामूहिक राखण ही पैसे मोजणाऱ्यांची सोय राहावी, की नागरिकांचा हक्क व्हावा.

कार्यकर्त्यांचे काम

या प्रश्नाकडे ‘सट्टेबाजांची भानगड’ म्हणून पाठ फिरविणे चळवळीला परवडणारे नाही. रोजगार नसलेला तरुण झटपट कमाईच्या आशेने तिकडे वळतो. तो बुडाला तर त्याच्या घरी पोलिसांच्या आधी कार्यकर्त्यानेच जावे लागते. त्याला उपदेश करण्याआधी चार गोष्टी स्वच्छ मराठीत सांगितल्या पाहिजेत. जे गमावून चालणार नाही ते या व्यवहारात घालू नये. शब्द हाताने, क्रमवार, सुवाच्य अक्षरांत कागदावर लिहावेत. फोटो काढू नये, ई-मेल करू नये, फोनमध्ये साठवू नयेत. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मोठी रक्कम घालण्यापूर्वी त्या शब्दांवरून खाते पुन्हा उभे राहते काय, हे थोड्या रकमेवर पडताळून पाहावे. असा कागद आहे आणि तो कोठे आहे, एवढे तरी विश्वासाच्या एका माणसाला ठाऊक असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे: हे शब्द जो मागतो तो चोर. कंपनी, बँक, पोलीस, आयकर खाते यांपैकी कोणाच्याही खऱ्या अधिकाऱ्याला त्यांची गरज पडत नाही. गेलेले पैसे परत मिळवून देतो म्हणून आगाऊ शुल्क मागणाराही त्याच टोळीचा.

संघटनांनी स्वतःच्या घरातही पाहावे. कित्येक युनियनचे आणि मंडळांचे ई-मेल, सभासदांच्या याद्या, हिशेब आज एकाच उत्साही कार्यकर्त्याच्या फोनवर चालतात. तो आजारी पडला, रुसला किंवा गेला की वर्षानुवर्षांचे दप्तर कुलपात अडकते. खात्याचे रिकव्हरी कोड बंद पाकिटात, दोघा पदाधिकाऱ्यांच्या सहीने, दोन ठिकाणी ठेवावेत आणि कार्यकारिणी बदलली की नव्याने काढावेत. जी शिस्त रोख पेटीला लावली जाते तीच येथे लावावयाची आहे.

परंतु खबरदारीचे धडे देऊन थांबणे म्हणजे कराराचे ते एकमेव कलम मुकाट्याने मान्य करणे होय. मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. असा व्यवहार विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने धोक्याची सूचना ग्राहकाच्या भाषेत दिली पाहिजे. ग्राहकांचे चलन कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळे ठेवण्याची सक्ती, नामनिर्देशनाची सोय, ठराविक मुदतीत निकाल देणारे तक्रार-निवारण आणि हानी भरून देणारा राखीव निधी यांखेरीज परवाना मिळता कामा नये. ज्यांना स्वतःचे शब्द स्वतः राखावयाचे आहेत त्यांना ते स्वातंत्र्य असावे. पण ते निवडीचे असावे, लादलेले नसावे. आणि त्याचबरोबर बँका व सहकारी पतसंस्था यांचा कारभार ठेवीदारांच्या देखरेखीखाली आणण्याची जुनी मागणी नव्या जोमाने उभी केली पाहिजे. कारण तेथील दारे बंद झाली म्हणूनच माणसे बारा शब्दांच्या आश्रयाला गेली.

‘स्वतःची बँक स्वतः व्हा’ असे सांगणारे उद्या स्वतःचे रुग्णालय स्वतः व्हा, स्वतःची शाळा स्वतः व्हा, असेही सांगतील. काही सांगूही लागले आहेत. त्या प्रत्येक घोषणेचा अर्थ एकच असतो: फायदा वाटून घेण्यास सारे आहेत, तोटा सोसण्यास तू एकटा आहेस. ट्रंकेतला तो कागद जरूर जपावा. पण ज्या दिवशी तो भिजेल त्या दिवशीही माणूस रस्त्यावर येणार नाही, अशी व्यवस्था उभारणे हे एकट्याचे काम नव्हे. ते सर्वांनी मिळून करावयाचे आहे.